कडकच्या उलट काय?

मैत्रिणीच्या आज्जीनं मला पहिल्यांदा विचारलेला प्रश्न होता, "मी इल्लू एक्कड?" मी तेव्हा सहावीत. सोलापुरात दाजी पेठेतल्या त्यांच्या घराच्या पायरीवर उभी, हातात शाळेची वही, आणि तीन शब्दांतला मला एकच कळला, तो म्हणजे मी. म्हणलं म्हातारी स्वतःबद्दलच काहीतरी विचारायलीय, घर विसरलीबिसरली असेल, म्हणून तिच्याच दाराकडं बोट करून मोठ्यानं सांगितलं, "हे काय, इथंच की!" आतलं सगळं घर हसलं. तेलुगूत "मी" म्हणजे तुमचं. तुमचं घर कुठंय, एवढंच विचारत होती बिचारी.

हा धक्का मला बरेच दिवस पुरला. म्हणजे बघा, "मी" हा शब्द तरी माझा असेल ना, बाकी टेबल-खुर्ची इकडंतिकडं झाली तरी चालेल, पण भवानी पेठेतून निघून दहा मिनिटं चाललं की माझा मीच समोरच्याचा होऊन जातो. सोलापुरात वाढलेल्या कुणाला यात काही विशेष वाटणार नाही. इथं दूध घ्यायला गेलेल्या पोराला दूध, पालू आणि हालू तिन्ही कळतं आणि तो तिन्हीला पिशवी पुढं करतो. पण मला ते फार लागलं, आणि त्या उन्हाळ्यात, १९९४ च्या, मी आणि ती मैत्रीण मिळून दोनशे पानी वहीत एक अख्खी भाषा बनवली, त्याचं मूळ मला वाटतं या पायरीवरच आहे.

तिच्या घरात पुढं राहायची खोली आणि मागं चार माग. चादरीचे. मधल्या बोळात तिची आई कांड्या भरायची आणि आज्जी सुपात तेंदूची पानं घेऊन विड्या वळायची. मागाचा आवाज ज्यानं जवळून ऐकलाय त्यालाच कळेल, तो कानाला लागत नाही, दातांना लागतो. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं, तिकडून इकडं, खट खटाक खट खटाक, आणि चार माग एकदम चालू असले की ते चारही वेगवेगळ्या तालात. त्यात बोलायचं म्हणजे ओरडायचं, आणि ओरडूनही अर्धंच पोचायचं. तिचं नाव स वरून. ते नाव तिथं कुणालाच ऐकू जायचं नाही, तिची आई टाळी वाजवून बोलवायची. मग आम्ही एका दुपारी परीक्षाच घेतली, मी मागाच्या या टोकाला, ती त्या टोकाला, एकेक अक्षर ओरडायचं आणि ऐकू आलं तर हात वर. स, श, फ, ह, व ही मंडळी पहिल्याच फेरीत नापास. म, न, ल नुसतेच गुणगुणल्यासारखे. पास झाले ते ट, ठ, ड, ढ, क, ख, ग आणि कसाबसा प. एवढ्यावरच भाषा करायची असं ठरलं आणि तिचं नाव खटखटी. मैत्रिणीचं नाव त्याच दुपारी बदललं, ती टक्की झाली. इथंही मी तिला टक्कीच म्हणते.

पुढं खूप वर्षांनी मला कळलं की भाषा बनवणारी माणसं जगात पुष्कळ आहेत आणि त्यांचीही सुरुवात बऱ्याचदा अशीच होते, आधी आवाज ठरवायचे. मार्क ओक्रंड नावाच्या भाषाशास्त्रज्ञानं १९८४ च्या स्टार ट्रेक सिनेमासाठी क्लिंगॉन भाषा रचली, तेव्हा ती परग्रहावरची वाटावी म्हणून त्यानं इंग्रजी माणसाच्या जिभेला न वळणारे आवाज शोधून शोधून घातले, आणि त्यातला एक आहे चक्क आपला ड. जीभ वर वळवून म्हणायचा तो. अमेरिकेतले लोक तो ड घोटून घोटून शिकतात म्हणे, आणि आपण डबा, डोकं, डाळ म्हणत दिवस काढतो. वाक्याची रचनाही त्यानं मुद्दाम उफराटी घेतली, आधी कर्म, मग क्रियापद, आणि कर्ता सगळ्यात शेवटी, कारण माणसांच्या भाषांत हा क्रम फार क्वचित नेहमीचा असतो. हे वाचून मला हसूच आलं. आमची आज्जी जेवून उठताना म्हणायची, "भाकरी खाल्ली मी, आता नको." शुद्ध क्लिंगॉन.

त्याच भाषेत माशाला शब्द आहे घोटी. इंग्रजी स्पेलिंगच्या वेडेपणावर एक जुना विनोद आहे, की इनफमधले जीएच, विमेनमधला ओ आणि नेशनमधले टीआय घेतले तर जीएचओटीआय याचा उच्चार फिश व्हायला पाहिजे. ओक्रंडनं तो विनोदच उचलून शब्दकोशात टाकला. इगतपुरीजवळच्या घोटीवाल्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे.

मला या बनवलेल्या भाषांचं जे वेड लागलं त्याचं कारण हेच, की तिथं प्रत्येक शब्दाचं "का" विचारता येतं. आपल्याकडं विचारून बघा. चार म्हणताना च वेगळा आणि चारा म्हणताना च वेगळा, लिहिताना अक्षर तेच, का? माहीत नाही. हजर नसला तर गैरहजर, पास नसला तर नापास, डोकं नसलं तर बिनडोक, कामाचा नसला तर बेकार, एवढे चार दरवाजे कशाला ठेवलेत, कोण कुठल्या दारातून जाणार हे कुणी ठरवलं? आणि सोलापूर म्हणजे सोळा गावांचं पूर असं शाळेत सांगायचे, तेही किती नीट बसतं, सोळा आणि पूर, पण सिद्धरामेश्वरांच्या काळात, बाराव्या शतकात, या गावाला सोन्नलिगे म्हणायचे, त्यात सोळा कुठंच नाही. सोळा नंतर कुणीतरी बसून लावलेत. शब्द आपल्याला कळेना झाला की आपण त्याला कळेल असा बाप शोधून देतो.

बनवलेल्या भाषेत मात्र बाप हयात असतो, वहीत सही असते.

एस्पेरांतो घ्या. लुडविक झामेनहॉफ, डोळ्यांचा डॉक्टर, जन्म १८५९, गाव बियालिस्टोक. तेव्हा ते रशियन साम्राज्यात होतं आणि गावात यिद्दिश, पोलिश, रशियन, जर्मन बोलणारे चार गट, एकमेकांशी धड न बोलणारे. त्यानं १८८७ मध्ये वॉर्सात छोटं पुस्तक काढलं, टोपणनाव घेतलं डॉक्टर एस्पेरांतो, म्हणजे आशा करणारा, आणि लोकांनी भाषेलाच ते नाव देऊन टाकलं. सोळा नियमांचं व्याकरण. नाम ओ नं संपणार, विशेषण आ नं, क्रियापदाला आज आस, काल इस, उद्या ओस, अपवाद नाही म्हणजे नाही. मला त्याची आवडलेली गोष्ट पाट्यांची आहे. शाळकरी वयात तो डोक्यात भाषा जुळवत होता आणि शब्दांचा ढीग बघून घाबरला होता, इतके शब्द पाठ कोण करणार. मग रस्त्यानं जाताना त्याला एक रशियन पाटी दिसली, श्वेइत्सारस्काया, म्हणजे दरवानाची खोली, आणि पुढं दुसरी, कोंदितोर्स्काया, मिठाईचं दुकान. दोन्हीला शेपूट एकच. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, शेपट्या नेमून दिल्या की निम्मे शब्द आपोआप तयार होतात.

हे वाचलं तेव्हा मी पुण्यात हॉस्टेलवर होते आणि सायबर कॅफेत तासाला पैसे भरून असलं वाचत बसायचे. वाचून एकदम कन्ना चौकातल्या पाट्या डोळ्यांपुढं आल्या. कारखाना, दवाखाना, छापखाना. अरे, हे तर आपल्या रोजच्या जाण्यायेण्यातलं. फारसीतला खाना आपल्याकडं येऊन शेपूट झालाच आहे की, फक्त आपण त्याला कुठंही लावायची परवानगी देत नाही. एस्पेरांतोत देतात. दवाखान्याला शब्द आहे मालसानुलेयो, फोडा तो: माल म्हणजे उलट, सान म्हणजे निरोगी, उल म्हणजे तसा माणूस, एय म्हणजे जागा, ओ म्हणजे हे नाम आहे. निरोगीच्या उलट माणसांची जागा. चादरीच्या कडेचा धागा ओढावा आणि सगळी वीण समजावी असा शब्द.

आता आमच्या वहीकडं येते.

खटखटीत मी म्हणजे टा आणि तू म्हणजे आट. हे टक्कीनंच ठरवलं, आज्जीच्या किश्शावरून, की तुझा मी माझा तू होतो ना, मग शब्द उलटाच करू. तिथनं नियमच झाला, अर्थ उलटा पाहिजे तर शब्द उलटा. गप म्हणजे जेवणं, पग म्हणजे उपाशी. धोटा पलीकडं पोचला की खट वाजतं, म्हणून झालेल्या गोष्टीला शेवटी खट लावायचं आणि व्हायच्या गोष्टीला टख. टा गप खट, मी जेवले. आट गप टख? तू जेवणार का? आम्हाला वाटायचं जगात हे आम्हालाच सुचलं. तर फ्रान्समध्ये फ्रांस्वा सुद्र नावाच्या संगीतशिक्षकानं एकोणिसाव्या शतकात नुसत्या सात सुरांची भाषा केली होती, सोलरेसोल, त्यात मिसोल म्हणजे चांगलं आणि सोलमी म्हणजे वाईट, दोमिसोल म्हणजे देव आणि उलटं म्हणलं की सैतान. आणि २०१५ ला बाहुबली आला, मी सोलापुरात तेलुगूतूनच बघितला, त्यातले ते कालकेय टोळीवाले जी किलिकी भाषा बोलतात ती मदन कार्कीनं रचलेली, साडेसातशे शब्द आणि चाळीसेक नियम, आणि तिच्यात मी म्हणजे मिन, तू म्हणजे निम! थेटरातून बाहेर येऊन वाचलं तेव्हा मी पहिला मेसेज टक्कीलाच टाकला, "आपली कॉपी केली बघ."

अर्थात उलटापालटीची अक्कल आम्हाला आली कुठनं, तर च च्या भाषेतनं. ती तुम्हीही बोलला असाल, फक्त नियम गल्लीगल्लीत वेगळे. आमच्या गल्लीत पहिल्या अक्षराच्या जागी च घालायचा आणि ते अक्षर शेवटी न्यायचं. पाणी म्हणजे चाणीप, शेंगा म्हणजे चेंगाश. गंमत चटणीची. च च्या जागी च आणि शेवटी परत च, म्हणजे चटणीच. आईसमोर गुप्त बोलतोय म्हणून "चटणीच" म्हणलं की आई म्हणायची, "मग, चटणीच आहे, भाजी संपली." मोठ्यांच्याही गुप्त भाषा होत्या. आमच्याकडं येणारे एक म्हातारे आडते नंदभाषेतले आकडे म्हणून दाखवायचे, केवली एक, आवारू दोन, उधानू तीन, पोकू चार, मुळू पाच, गिऱ्हाइकासमोर भाव बोलायची जुन्या व्यापाऱ्यांची ती सोय. तिला व्याकरण नाही, मराठीच्या अंगावर आकड्यांचा वेगळा सदरा.

खटखटीत मात्र व्याकरणावरून आमची खरी भांडणं झाली. सगळ्यात मोठं लिंगावरून. टक्की घरी तेलुगू बोलणार, शाळेत मराठी, आणि मराठीत टॉवेल तो, चादर ती, सूत ते, एकाच मागावर तीन लिंगं. ती "माझा चादर" म्हणायची, "ती टॉवेल" म्हणायची, आणि वर्गात एक बाई होत्या त्या दर वेळी तिला उभं करून तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या, अख्खा वर्ग खिदळायचा, मीही. हे मी लिहून ठेवते, मीही. त्यामुळं खटखटीत लिंग नको म्हणजे नकोच असं तिनं सांगितलं तेव्हा मी फार ताणलं नाही. तो, ती, ते सगळ्याला एकच शब्द, अक. आणि क्रियापदाला तर कुणी केलं याचा पत्ताच नाही. टा गप खट, मुलगी असो मुलगा असो. झामेनहॉफनंही वस्तूंची लिंगं काढून टाकली, पण बाप पात्रो आणि आई पात्रिनो, बापाला शेपूट लावून आई केली. हे टक्कीला सांगितलं असतं तर तिनं त्यालाही उभं केलं असतं.

आपण आणि आम्ही यावरून मात्र भांडण झालंच नाही, कारण दोघींच्याही भाषेत तो फरक आधीच होता. तेलुगूत मनम आणि मेमू, मराठीत आपण आणि आम्ही. समोरच्याला धरून की वगळून. उत्तरेकडच्या हिंदीवाल्याला हे समजावताना घाम फुटतो, त्याचं एक हम सगळ्याला. मराठीनं हे दक्षिणेकडनं घेतलं असं जाणकार सांगतात आणि सोलापुरात राहून त्यावर शंका घ्यायला जागा नाही. आम्ही टा आणि आट जोडून टाआट केलं. मी-तू. म्हणजे आपण. आम्ही केलंच नाही, कारण आम्ही कुणाला सांगणार, भाषा येणाऱ्या दोघीच. २००९ च्या अवतार सिनेमातल्या निळ्या लोकांची नावी भाषा पॉल फ्रॉमरनं केली, तिच्यात ओए म्हणजे मी, ङा म्हणजे तू आणि ओएङ म्हणजे आपण दोघं, अगदी आमच्यासारखं चिकटवलेलं (आणि तो ङ बघा, आपण वाङ्मयापुरता सांभाळून ठेवलेला, तिकडं तू म्हणायला रोज वापरतात). एस्पेरांतोत मात्र नी, एकच. सगळ्या माणसांनी एकमेकांशी बोलावं म्हणून केलेल्या भाषेत आपण वेगळा नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वाईट वाटलं होतं, नंतर झामेनहॉफबद्दल अजून वाचलं, तो १९१७ ला गेला आणि त्याची तिन्ही मुलं पुढं नाझींनी मारली, त्यानंतर त्या नी बद्दल तक्रार करावीशी वाटली नाही.

त्या उन्हाळ्यात आम्हाला अजून एक शोध लागला होता, तो खटखटीतला नाही पण सांगायला पाहिजे. माझी आज्जी अक्कलकोटकडची, कानडी. ती दुधाला हालू म्हणायची, टक्कीची आज्जी पालू. फुलाला ही हूवू, ती पुव्वू. डुकराला ही हंदी, ती पंदी. आम्ही दोघी वहीच्या मागच्या पानावर जोड्या लिहीत गेलो आणि आम्हाला वाटलं सापडलं, तेलुगूतला प काढून ह घातला की कानडी तयार! मग मी तेलुगूतलं मांजर घेतलं, पिल्ली, आणि आज्जीसमोर जाऊन ऐटीत म्हणलं, हिल्ली. आज्जी बघतच राहिली. कानडीत मांजर म्हणजे बेक्कू. नियम मांजराशी येऊन मेला. पण तो पूर्ण खोटा नव्हता, जुन्या कानडीतल्या प चा पुढं खरंच ह झालाय, हे मला एम.ए.च्या वेळी कळलं. लॉर्ड ऑफ द रिंग्ज लिहिणाऱ्या टॉल्किननं हाच खेळ उलट्या बाजूनं खेळला. त्यानं आधी एक जुनी मूळभाषा कल्पिली, मग तिच्यातले आवाज दोन वाटांनी झिजवले आणि एल्फ लोकांच्या दोन भाषा काढल्या, झाडाला एकीत आल्दा आणि दुसरीत गालाध, मूळ एकच, गालादा. गोष्टी त्यानं नंतर लिहिल्या, आधी झीज लिहिली. माणूस घरात बसून दोन आज्ज्या तयार करत होता.

झीज मला कळायला पुण्याला जावं लागलं. पहिल्या आठवड्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये मी एकीला विचारलं, "काय करलालीस बे?" आणि टेबल शांत झालं, मग हसलं. करायला लागलीस, ते घासून घासून करलालीस. जेवायला लागलीय, जेवलालीय. मला तोपर्यंत माहीतच नव्हतं की हे काही वेगळं आहे. एस्पेरांतोच्या सोळा नियमांत असलं काही बसत नाही, कारण नियम कुणीतरी केला की तो उभाच राहतो, आणि करलालीस कुणी केलेलं नाही, ते हजारो तोंडांतून जाऊन तसं झालंय. जर्मन पाद्री श्लायरनं १८७९ मध्ये व्होलाप्यूक नावाची भाषा काढली, काही वर्षांत तिचे क्लब नि परिषदा झाल्या, आणि लोक तिला जरा हाताळू लागले, हे बदला ते बदला म्हणू लागले, तर यानं हात लावू देईना, माझी भाषा आहे म्हणून. दहा-बारा वर्षांत फुगा खाली आला. टेबलावरच्या मुलींवर मला राग आला होता खरा, पण वर्गात टक्कीला हसताना माझंही तोंड असंच दिसत असणार.

आता कडक.

खटखटीत काही शब्द आम्ही आयतेच घेतले, ज्यांचे सगळे आवाज मागातून पास होत होते ते. कडक हा त्यातला पहिला. कडक भाकरी तर घरात डबा भरून असायचीच, पापडासारखी, महिना महिना टिकणारी. कडक लिहिलं, पुढं अर्थ लिहिला, आणि नियमाप्रमाणं शेजारच्या रकान्यात उलटा शब्द लिहायला गेलो. क, ड, क. उलटं केलं, क, ड, क. परत तेच! आम्ही दोघी त्या रकान्याकडं बघत बसलो. म्हणजे आमच्या भाषेत मऊ म्हणताच येत नव्हतं. नियम मोडायचा नाही, कारण नियम टक्कीचा, आणि नवा शब्द घ्यायचा नाही, कारण उलट अर्थाला वेगळा शब्द घेतला की मग सगळाच पसारा. रकाना मोकळा ठेवला.

गंमत म्हणजे एस्पेरांतोत मऊ म्हणजे मोला आणि कडक म्हणजे मालमोला. मऊच्या उलट ते कडक. झामेनहॉफनं मऊपासून सुरुवात केली, आम्ही कडकपासून. तो डोळ्यांचा डॉक्टर होता आणि आम्ही चादरीवाले, असेल तसंच काही.

तो रकाना आम्ही भरला नाही, तो भरला गेला. ढप म्हणजे धुणं, दगडावर कपडा आपटल्यावर येतो त्या आवाजावरून, आणि ढप खट म्हणजे धुतलं, धुऊन झालं. आता सोलापुरी चादर ज्यांनी वापरलीय त्यांना माहितीये, नवी कोरी चादर अंगाला टोचते, खरखरीत, उभी ठेवली तर उभी राहील. ती धुवावी लागते. पाच-सहा धुण्यांनंतर ती जी मऊ होते, ती मग फाटेपर्यंत मऊ. तर टक्कीची आज्जी झोपायला चादर मागायची आणि आम्ही आपसात म्हणायचो, नवी नको, ढपखट आण. दोन शब्द कधी चिकटले आमच्या लक्षातच आलं नाही. मग एकदा पावात दूध जास्त पडलं, टक्की म्हणली, पाव ढपखट झाला. पाव कोण धुतंय? पण मला कळलं, आणि मी वहीत लिहायला गेलेच नाही. मग ती उभं करणारी बाई एकदा टक्कीच्या आजारपणात घरी येऊन गेली, मोसंबी घेऊन, त्या दिवशी टक्की म्हणली, बाई ढपखट. आणि नंतर तिचे वडील. त्यांच्याकडचे दोन माग विकले गेले त्या वर्षी, ते ओरडायचेच बंद झाले, बसून राहायचे. अक ढपखट. तेव्हा त्या शब्दात मऊच्या जोडीला अजून काहीतरी आलं होतं आणि ते काय हे आम्हा दोघींना कळत होतं, सांगता आलं नसतं.

वहीत मिळून तीनशे दहा शब्द आहेत, मी मोजलेत. त्यातले बहुतेक एकदाही बोललो नाही. मोराला शब्द आहे, चादरीवर मोर असायचा म्हणून, जॅकार्डच्या पत्र्यांतलं एक भोक चुकलं की त्याची चोच गायब व्हायची, अशा बिनचोचीच्या मोरालाही वेगळा शब्द आहे. राष्ट्रपतींना शब्द आहे, का कोण जाणे. ढपखट वहीत नाही. आणि आज मला आणि तिला न बघता आठवणारे शब्द पाच-सहाच, त्यात पहिला तोच.

ती लग्न होऊन भिवंडीला गेली. नवऱ्याचे माग आहेत, चादरीचे नाहीत, ग्रे कापडाचे. गेल्या जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेला आली होती, पोरांना घेऊन. पोरं तिकडची, हिंदीच जास्त बोलतात. होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत उभ्या असताना म्हणली, "आम्ही आता तिकडंच घर घेतोय," आणि तो आम्ही मला खटकला, आणि खटकला म्हणून स्वतःचंच हसू आलं, कारण बरोबरच होता तो, ते घेतायत, मी थोडीच घेतेय. निघताना मी तिला एक चादर दिली. सोलापुरातनं भिवंडीला चादर, ते पण मागवाल्याच्या घरात, ती म्हणली वेडी आहेस का. घेतली पण.

परवा तिचा व्हॉइस मेसेज आला, बावीस सेकंदांचा. शेडमधून पाठवलेला. पाठीमागं माग चालू, एक नाही, दहा-बारा तरी असतील, आणि तिची मराठी त्यात पार बुडालेली, कुठंतरी स ची फुसफुस, कुठं लांबलेला आ, मी फोन कानाला दाबून तीनदा ऐकला, काही लागेना. मग एकोणिसाव्या सेकंदाला, सगळ्या खटाखटीच्या वरून, स्वच्छ, "अक ढपखट." आणि मेसेज संपला.

मला आधी एकदम बरं वाटलं, परीक्षा घेतलेले आवाज होते ते, तीस वर्षांनी पास झाले. मग लक्षात आलं की कोण? चादर म्हणायचंय का, धुऊन मऊ झाली म्हणून? की तिची आई, जी आता तिच्याकडंच असते आणि गेल्या वेळी फोनवर मला ओळखायला वेळ लागला होता? का नवरा? अक म्हणजे तो, ती, ते, काहीही. क्रियापदावरून कळायला क्रियापदाला काही ठेवलंच नाही आम्ही, लिंग काढून टाका म्हणणारी ती आणि बरं म्हणणारी मी.

मी लिहून विचारलं, अक म्हणजे कोण गं? अजून एकच टिक आहे. शिफ्ट चालू असेल.